पत्ता चुकलेल्यांचं बाकडं

कॉम्प्युटरच्या हापिसात वॉचमन म्हणून बसलं की किस्से ढिगानं साठतात. ऐकायला बायको होती, ती गेली. पोरगा पुण्याला, फोनवर "लवकर बोला" म्हणतो. म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंत, चुका काढू नका!

*

राजारामपुरीतली बिल्डिंग. कंपनी तिसऱ्या मजल्यावर, मी खाली जिन्यापाशी, शेजारी एक बाकडं. पहिल्याच दिवशी एकजण आला.

"पावणं, कुणाकडं?"

"म्हाईत न्हाय."

"मग बसा!"

गारगोटीचा बाजार, म्हशी, सासू, सगळं सांगून झालं. दाढ दुखतीया म्हणून दातांच्या डॉक्टरकडं निघालेला, पत्ता चुकून आमच्या जिन्यात आला, दोन तास बोलला!

*

एकदा वर बोंब झाली. एका गूळ व्यापाऱ्याची वेबसाईट उघडली की कोरी, पांढरी फट्ट! ती बनवणारी पूजा, कबनूरची पोरगी, तोंड पाडून खाली आली.

"तात्या, सगळी साईट एकाच पानावर हाय. पत्त्याच्या शेवटी 'गूळ' लिहिलं की गूळ दिसतोय, 'काकवी' लिहिलं की काकवी. काहीच न लिहिता कोण आला, तर त्याला कुठं न्यायचं ते सांगायचंच राहिलं."

"माणूस दारात आला आणि बसासुद्धा म्हणाला न्हाईसा? शिकलाय कशाला गं?"

ती चहा तसाच टाकून वर पळाली. संध्याकाळी म्हणाली, "केलं! पत्ता नसला नाहीतर चुकला, की सरळ पहिल्या पानावर. ह्याला डिफॉल्ट म्हणतात."

"मी बाकडं म्हणतो!"

*

कंपनीच्या साहेबांना ही सिस्टीम लई आवडली. त्यांनी जिन्यापाशीपण बोर्ड लावला. 'ऑफिस तिसरा मजला', खाली पत्र्याचा बाण. झालं! लोक बाण बघून सरळ वर. आठवड्यात माझ्याशी एकच माणूस बोलला.

"लाईट कधी येणार?"

*

सोमवारी मी स्क्रू ढिला केला आणि बाण बाकड्याकडं फिरवला. पूजानं बघितलं.

"तात्या, हे काय?"

"डिफॉल्ट!"

हसली आणि वर गेली.

*

दोन दिवसांनी नेसरीहून एक म्हातारा आला, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. बाण बघितला, बसला. शेंगा फोडत आम्ही बैल, गुडघे, गेलेल्या बायका, सगळं काढलं. तीन चहा झाले. चार वाजता साहेब घामाघूम होऊन खाली आले.

"आप्पा! सकाळपासनं शोधतोय तुमास्नी! स्टँडवर माणूस पाठवला!"

साहेबांचा बाप! मी उठून उभा. साहेबांनी बाणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हटलं, गेली नोकरी!

"आप्पा, चला वर. एसी हाय."

म्हाताऱ्यानं शेंग फोडली, निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवले.

"वर माझ्यासंगं बोलायला कोण हाय?"