बिघडलं तरच सांगा

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात मार्था मॅडमना "कशा आहात?" असं विचारलं, की सरळ उत्तर कधी मिळायचं नाही. "बरी नसते तर बोलले नसते का?" म्हणत त्या कीबोर्डकडे वळायच्या. एका पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर आम्ही दोघं सांभाळायचो. त्या मुरलेल्या, मी नवखा आणि जन्माचा बोलघेवडा. डबा खाताना माझं पाल्हाळ सुरू झालं की त्यांचा हात वर. "हे डेव्ह नलमध्ये टाक रे. मुद्दा बोल."

डेव्ह नल म्हणजे आमच्या यंत्रांतला बिनतळाचा खड्डा. कमांडने ओकलेली नको ती बडबड तिकडे वळवली की कायमची गडप.

रोज सकाळी बॅकअपच्या लांबलचक मेलने साहेबांचं डोकं उठायचं. ते एकदा कडाडले, "सगळंच टाका त्या खड्ड्यात!"

"बडबड टाकते, साहेब. तक्रार नाही टाकणार," मॅडम म्हणाल्या. "पोर रडतं म्हणून कानात कापूस घालायचा का?"

त्यांनी तेवढी एरर्सची वाट उघडी ठेवली. पुढे कित्येक महिने शांतता. मग एका सकाळी एकच ओळ आली: डिस्कवर जागा नाही. बॅकअप झालाच नव्हता. धावपळ करून आम्ही तो घेतला आणि त्याच आठवड्यात मुख्य डिस्कने मान टाकली. पेशंटांचे सगळे रिपोर्ट वाचले. साहेबांनी स्वतः पेढे आणले.

निवृत्तीनंतर मॅडम ठाकुर्लीला मुलाकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्यांची बायपास ठरली आणि माझं धाबं दणाणलं. आदल्या दिवशी भेटायला गेलो, तर मुलाला बजावत होत्या, "ह्याला सारखा फोन करत बसू नको. बिघडलं तरच कर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोन नाही आला तर समज, सगळं ठीक."

ऑपरेशनच्या दिवशी फोन समोर ठेवून बसलो. वाजेना, तेव्हा बिघडलाय की काय म्हणून बायकोला मुद्दाम रिंग द्यायला लावली. फोन धडधाकट होता. संध्याकाळपर्यंत तो गप्पच राहिला आणि तेव्हा कुठे मी पोटभर जेवलो.

चारेक दिवसांनी भर ऑफिसात त्यांच्या मुलाचा नंबर स्क्रीनवर आला. कसाबसा उचलला.

"अरे, मी मार्था. बरी आहे मी."

इतक्या वर्षांत हे त्यांनी न विचारता सांगितलं ते पहिल्यांदाच. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.