रेघोबा आणि मऊ पेन्सिल

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात त्यांना सगळे रेघोबा म्हणत. वीस वर्षं उंच स्टुलावर बसून त्यांनी रेघा ओढल्या, एक चुकली असेल तर शपथ. आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं बरं का. थोडी ऐट होतीच.

मग कॉम्प्युटर आले. साहेबांनी सरळ सांगितलं, सहा महिन्यांत त्यावर नकाशे काढायला शिका, नाहीतर घरी बसा. सरावाला घरी कॉम्प्युटर हवा, आणि नकाशांचा तो अवजड प्रोग्राम ओढायला दमदार प्रोसेसर हवा. त्याची किंमत ऐकून रेघोबा दुकानातून आल्या पावली परतले.

लेक कॉलेजात होती, भारी चौकस. आठवडाभर दुकानदारांची डोकी खाऊन तिने यादीतला शेवटून दुसरा प्रोसेसर निवडला. अगदी स्वस्तातला नको, म्हणाली, तो ओढूनताणूनही पुढे जात नाही. हा मात्र महागड्याचा सख्खा भाऊ, फक्त कारखान्यात ह्याला वेसण घातलीय. वरच्या अंगाला बारीक ठिपक्यांच्या चार जोड्या असतात, त्यांच्यातली जोडणी तोडलेली असते. पेन्सिलीच्या शिशाने ती सांधली की वेग वाढवता येतो. वाचलेल्या पैशांत तिने मोठा पंखा घेतला, कारण पळणारा तापणारच. पण एक रेघ शेजारच्या रेघेला टेकली की प्रोसेसर बाराच्या भावात, आणि दुसरा घ्यायची ऐपत नव्हती.

रेघ मारायची म्हटल्यावर रेघोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भिंग लावलं, आपली कडक पेन्सिल टोकदार केली आणि केसासारख्या चार रेघा ओढल्या. देखण्या अगदी! कॉम्प्युटर सुरू केला, तर वेग जिथल्या तिथे. लेकीने कपाळावर हात मारला. कडक पेन्सिलीत शिसं कमी आणि माती जास्त, मऊ पेन्सिल हवी होती. आता ती ह्यांच्याकडे कुठून असणार? मऊ पेन्सिल धरणाऱ्याला ते आयुष्यभर नावं ठेवत आले होते.

मऊ पेन्सिल निघाली बायकोच्या भरतकामाच्या डब्यात. कापडावर नक्षी उतरवायला ती वापरायची. रेघोबांनी घेतली खरी, पण ठिपक्यांशी नेताच हात थरथरू लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. नोकरी डोळ्यांसमोर नाचत होती. बायकोने ओले हात पुसले, पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, "सरका जरा." टाके घालावेत तशा तिने चार रेघा मारल्या आणि राहिलेली भाजी चिरायला निघून गेली.

कॉम्प्युटर असा काही सुटला म्हणता! झाकण उघडं, पंखा घोंघावतोय आणि रेघोबा नकाशामागून नकाशे काढताहेत. पंख्याचा आवाज जरा बदलला की तिघंही एकदम मान वर करायची. काय दिवस होते ते! चौथ्या महिन्यात नोकरी पक्की झाली. ऑफिसात मात्र गोष्ट पोचली अर्धीच. रेघोबांनी पेन्सिलीने कॉम्प्युटर पळवला, असं जो तो म्हणे, आणि हे मिशीतल्या मिशीत हसत. बायकोसमोरही हसत. तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

आता लेक परगावी असते, आणि बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. निवृत्तीच्या दिवशी लेकीने तो जुना प्रोसेसर छोट्या चौकटीत बसवून आणला. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला, रेघोबांच्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. रेघोबांनी भिंग मागून घेतलं. रेघा तिथेच होत्या, किंचित जाड, काळ्याभोर.

"ह्या रेघा माझ्या नाहीत," ते म्हणाले. "माझा हात थरथरत होता. ह्या माझ्या बायकोने मारल्यात. सतरा वर्षं तिचं कौतुक मी खाल्लं."

लेकीने चौकट उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. रेघोबांनी खिशातली कडक पेन्सिल काढली आणि मागच्या पुठ्ठ्यावर बायकोचं नाव लिहिलं. हात आताही थरथरत होता, पण ह्या खेपेला त्यांनी तो लपवला नाही.