खडकांतलं जहाज

ओहोटीला आम्ही खडकांत उतरलो होतो. फुटलेल्या एका जुन्या मालवाहू जहाजाच्या अवशेषांची पाहणी चालली होती. मी फळ्यांना टेप लावत असताना आमचे होडीवाले काका म्हणाले, "बाई, इथे कोणी जाळं टाकत नाही."

"का हो?"

"जहाज बुडताना आतून हाका येत होत्या म्हणतात. बाहेर कोणीच आलं नाही."

वाळू सारताना साखळी हाताला लागली. तिला ओळीनं लोखंडी कडी होती, मनगटाएवढी, गंजलेली, पण बंद. या जहाजातला माल म्हणजे माणसं होती. समुद्रानं हे किती काळ गुपचूप सांभाळलं होतं!

भरती लागली. "वर या!" काका ओरडले. मी घाईनं वर चढले. साखळीतल्यांनीही पाणी असंच घोट्यापासून वर येताना पाहिलं असेल.