सिंधुअक्काचा गोकर्णीचा वेल

आमचे थोरले दीर शेषेरावभाऊजी म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याचे डॉक्टर. शिरूर अनंतपाळच्या आसपासचे लोक पेरणीआधी मूठभर दाणे घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात. भाऊजी ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, मोड किती आले ते बघतात आणि निकाल देतात. मोड न आलेलं बी मेलं, कोंबड्यांना टाका. टेम्पोतून बियाण्याची बॅग कुणी आपटली तर अंगावर धावून जातात, कारण सोयाबीनचं साल नाजूक, जरा खरचटलं की दाणा गेला. माणसापेक्षा दाण्याला जास्त जपता, असं मी त्यांना तोंडावर म्हणते. ते हसतात, सुधारत मात्र नाहीत.

त्यांची बायको, माझी जाऊ सिंधुअक्का, देगलूरची. तिच्या आईनं, पार्वतीबाईंनी, दिलेल्या बियांतून तिनं फाटकावर गोकर्णीचा वेल चढवला होता. गर्द निळी, दुहेरी पाकळ्यांची फुलं. पुढं पार्वतीबाई वारल्या, भावांनी अंगणात फरशी घातली आणि देगलूरचा वेल गेला. आईचं म्हणून अक्काकडं एवढंच उरलं. रोज सकाळी ती वेलाशी बोलायची.

यंदा वेलावर मावा पडला. बायकोला खूश करावं म्हणून भाऊजींनी निंबोळी अर्क फवारला. पंप तोच, ज्यात आदल्या दिवशी तणनाशक होतं. धुतला होता म्हणतात. नुसता विसळला असणार. आठवड्याभरात वेल पिळवटून वाळला.

अक्का रडली नाही, भांडलीही नाही. तिनं नवऱ्याशी बोलणंच बंद केलं. ताट वाढायची, चहा ठेवायची, तेवढंच. आमचं दार शेजारचंच, मी रोज डोकवायचे. वाळक्या वेलावर काही पिकलेल्या शेंगा राहिल्या होत्या. तिनं त्या सोलल्या, चिमूटभर बिया निघाल्या.

"दे इकडं," भाऊजी पुढं आले. "उगवून दावतो."

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "आई सहाणेवर घासून लावायची, सांग त्यांना."

"घासून?" भाऊजी भडकले. "साल काढल्यावर बी उगवतंय व्हय कुठं? उगं काहीबी!"

त्यांनी सगळ्या बिया गोणपाटात गुंडाळल्या. सारखं पाणी शिंपडायचे, उकलून बघायचे, तोंड पाडून परत गुंडाळायचे. एकाही बीला मोड येईना.

एका सकाळी मी गेले तर गोणपाट दोरीवर वाळत होतं. अक्का दारात उभी होती. इतक्या दिवसांनी ती थेट नवऱ्याशी बोलली.

"बिया कुठायत?"

"मेल्या त्या. टाकल्या."

"कुठं?"

भाऊजींनी खुराड्याकडं बोट केलं. सवयच ती, टाकताना हात आपोआप तिकडं गेला असणार.

"सडल्या होत्या का?"

"न्हाई."

"वास येत होता?"

"न्हाई. खड्यावानी टणक होत्या."

"मंग मेल्या कशावरून?"

मेलेलं सोयाबीन सडून चिकट होतं, नाक धरायला लावतं, हे भाऊजींइतकं कुणाला ठाऊक? खुराड्यापुढं कोंबड्या उकरत होत्या. ते धावले, कोंबड्या हुसकावल्या आणि गुडघ्यांवर बसून माती चाळू लागले. आम्ही दोघीही बसलो. मला त्यांचा संताप आला होता आणि कीवही येत होती. कितीतरी वेळ नुसते खडेच हाती लागत होते. शेवटी दोन बिया सापडल्या, दोन्ही भाऊजींनाच.

अक्कानं हात पुढं केला. मूठ उघडायला भाऊजींना वेळ लागला, पण उघडली. तिनं सहाण आणली आणि बी घासायला घेतली. करकर आवाज होत होता. प्रत्येक घासणीला भाऊजी डोळे मिटत होते.

"बास कर गं, जाईल ती."

अक्का थांबली नाही. वरचं काळं साल जाऊन आतला पिवळट ठिपका दिसला, तेव्हा तिनं दुसरी घेतली. मग दोन्ही वाटीभर पाण्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन्ही टम्म फुगल्या होत्या.

अक्कानं त्या दोन पिशव्यांत लावल्या. दोन्ही उगवल्या. चार-चार पानं आली तसे भाऊजी फुलून गेले. फाटकाजवळ खड्डे घ्यायला कुदळ घेऊन आले. अक्कानं एक पिशवी तिथं ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली.

"उज्वला, हा तुझ्या दारात लाव. दोन्ही इथं ठेवायचा मला भरवसा न्हाई आता."

भाऊजी समोरच उभे होते. त्यांनी खाली बघितलं, कुदळ उचलली आणि माझ्या दाराकडं चालू लागले. आम्ही दोघीही मागोमाग गेलो. तिथं त्यांनी स्वतःच खड्डा खणला, माती मोकळी केली, मग वर न बघता अक्काला विचारलं, "एवढा बास का?"

अक्कानं वाकून खड्ड्यात हात घातला.

"आनखी थोडा," ती म्हणाली.