तीन बोटांचं पाऊल

माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्सनं तिला असं गुंडाळून माझ्याकडे दिलं की फक्त तोंड दिसावं. मी दुपटं सोडलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड, नडगी पुढे वाकलेली, पाऊल बाहेर वळलेलं आणि त्याला तीनच बोटं. नर्स म्हणाली, "दीदी, मालिश से ठीक हो जाएगा." काहीतरीच बाई! होणार नाही, हे तिलाही दिसत होतं.

आम्ही राहतो हिंदी मुलखात, म्हणून पोरीला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. नडगीच्या बाजूचं बारीक हाड तिला जन्मतःच नव्हतं. "यात तुमची काही चूक नाही," ते म्हणाले. पोरगी वाढेल तसा दोन पायांतला फरकही वाढेल, आणि हे पाऊल तिचा भार घेणार नाही. वर्षाची झाली की पाऊल काढू, कृत्रिम पाय बसवू. पळेल ती, आणि कापल्याचं तिला आठवणारही नाही.

नवरा अर्धा तयार झाला होता. तो कारखान्यातला माणूस, जे काम देत नाही ते बदलायचं, एवढं त्याला कळतं. मीच त्याच्या अंगावर धावून गेले. मला तेव्हा काय दिसत होतं सांगू? तिचं लग्न! दात न आलेल्या पोरीचं लग्न. मंडप भरलाय, आणि जोडवी घालायला पाऊल एकच. सासूबाईही तेच म्हणाल्या. त्यांचं-माझं आयुष्यात एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. त्या तीन बोटांतल्या कुठल्या बोटात जोडवी घालणार होतो आम्ही, देव जाणे.

मग नवऱ्यानं आमच्या शहरातल्या ओमती भागातल्या एका चांभाराकडून तिच्या बुटाला जाड तळ लावून घेतला. आधी दोन बोटं जाडीचा, मग चार, मग सहा. बूट उचलतानाच ती दमायची. कॉलनीच्या गणपतीत मी तिला घोळदार परकर घालून एका जागी बसवून ठेवायची. बायका विचारायच्या, "काहून बसून राहिली गं ही?" मी सांगायची, ताप आहे. किती ताप आला त्या पोरीला माझ्या तोंडून! लाज वाटते आता. तेव्हा नव्हती वाटली.

अकराव्या वर्षी ती शाळेच्या जिन्यावरून पडली. घोट्याची जखम महिनोन् महिने भरेना, कंबर दुखायची, पाठ वाकडी होऊ लागली. गावाबाहेरचा, नदीवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आम्ही परत नागपूरला गेलो. डॉक्टर तेच होते. त्यांनी सांगितलंही तेच, फक्त या वेळी ते तिच्याकडे बघून बोलले.

माझी पोरगी मराठी समजते, पण बोलते हिंदीत. "काट दीजिए," ती म्हणाली. डोळ्यांत टिपूस नाही. मग तिनं विचारलं, "पहले क्यों नहीं काटा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. भला माणूस.

"मी नाही म्हटलं होतं," मी म्हणाले.

"काहून, मम्मी?"

एवढं एक तिनं मराठीत विचारलं. इतकी वर्षं ज्या लग्नापायी तिला त्या पावलावर चालवलं, ते तिच्यासमोर उच्चारायचीही मला हिंमत झाली नाही. मी म्हणाले, "भीती वाटली गं."

"पाँव तो मेरा था."

ती ओरडली असती, रडली असती, तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिनं नुसतं सांगितलं. नवरा फॉर्मवर सही करत होता.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आणलं. थिएटरच्या दारापर्यंत आमच्यापैकी एकाला जाता येणार होतं. मी तिची उशी सरळ करून पुढे झाले. तिनं बापाचा हात धरला.

"पापा चलेंगे," ती म्हणाली, "आप यहीं रहो."