लाल पट्टी

कंपनीचे मालक, आमचे सर, ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनकडे पाठ करून उभे आहेत. स्क्रीनवर प्रत्येक विभागाची एक पट्टी असते. आमची आज लाल झाली आहे, आणि ती नेमकी सरांच्या खांद्याआड गेली आहे. कंपनी विकत घेणारी माणसं, कोणते विभाग ठेवायचे आणि कोणते बंद करायचे ते ठरवायला, आतल्या खोलीत बसली आहेत. बाहेर कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नाही.

ही कंपनी सरांच्या घरी, हॉलमध्ये सुरू झाली. डेअरीवाले, औषधवाले आपले आकडे आणून द्यायचे आणि कुठे वाढ आहे, कुठे घट, ते आमचं सॉफ्टवेअर रंगांत दाखवायचं. घटीला कोणता रंग द्यायचा यावर एकदा वाद चालला होता. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "लाल नका देऊ. त्या पट्टीत कुणीतरी माणूस असेल ना."

आम्ही हसलो. गिऱ्हाइकांना तर लालच हवा होता. वाचत बसायला नको, नुसतं बघितलं की साहेबाला कळतं. त्या लालावरच आमचं नाव झालं.

आजच्यासारखी सकाळ आम्ही किती ऑफिसांत पोहोचवली असेल, कोण जाणे. तिथेही माणसं अशीच कीबोर्डवर नुसती बोटं ठेवून बसली असतील.

आतलं दार उघडतं. पाहुण्यांपैकी एकजण अगदी नम्रपणे म्हणतो, "सर, जरा बाजूला होता का? स्क्रीन दिसत नाहीये."

सर मान डोलावतात, पण जागचे हलत नाहीत.