वालाच्या बियाण्याशेजारी

चाळिशी उलटली तरी एका जागी बसणं मला जमत नव्हतं. मुरबाडला कचेरीत कारकून होतो. एक पान लिहून होईपर्यंत दोनदा चहाला उठायचो. घरीही तेच. मधमाश्या पाळायच्या म्हणून पेटी आणली, होमिओपॅथी शिकायची म्हणून बाटल्या आणल्या. पहिले दोन महिने मला दुसरं काही सुचायचं नाही आणि तिसऱ्या महिन्यात त्या वस्तूचं तोंड बघवायचं नाही. बायको त्यावरून कधी भांडली नाही. ती सरळ ती वस्तू कामाला लावायची. मधमाश्यांच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली, बाटल्यांत मोहरी, जिरं, ओवा गेला. पाहुणे आले की ती हे सगळं हसत हसत दाखवायची आणि मी उगाच गोठ्याकडे जाऊन यायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा शहापूरला एका ओळखीच्या माणसाच्या निरोप समारंभाला गेलो. भाषणं चालू होती आणि माझा पाय नेहमीसारखा हलत होता. मग एक निवृत्त संगीतशिक्षक व्हायोलिन घेऊन मांडी घालून बसले. त्यांनी एकच सूर लांबवला, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा पाय थांबलाय. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

जुनं व्हायोलिन मिळवलं. बायकोनं त्याची काळी पेटी उघडून पाहिली, झाकण दाबून पाहिलं.

"पेटी बरी हाय," ती म्हणाली. "सुकट छान राहील हिच्यात."

घरातले सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं. ही पेटी काही झालं तरी तिच्या हाती पडू द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

दर रविवारी जीप भरायची वाट बघत मुरबाडच्या नाक्यावर उभा राहायचो. पुढे एसटीनं शहापूर, त्याच संगीतशिक्षकांकडे. सर पेटी उघडायच्या आधी पाणी प्यायला लावायचे, कारण मी धावतच आलेला असायचो. व्हायोलिनचं एक टोक घोट्यावर टेकवायचं, मोकळ्या तारेवर गज ठेवायचा आणि मनात सोळा मोजेपर्यंत तो एका दिशेनं ओढत राहायचा. नुसता सा. सहा म्हणेपर्यंत माझा गज संपलेला असायचा.

"तुम्हाला कुठली गाडी पकडायची आहे?" सर विचारायचे.

चार महिने सा. ओटीवर वाजवायला बसलो की म्हशी कान टवकारायच्या आणि शेजारी विचारायचे, "करडू आईपासनं तुटलंय का रे?" चार महिन्यांत मी नऊपर्यंत पोचलो.

मग पाऊस लागला. खुंट्या फुगून फिरेनात, गजाचे केस सैल पडले. लावणीत एक रविवार बुडाला, मग दुसरा. तिसऱ्या रविवारी शेतात काही काम नव्हतं, तरी गेलो नाही. खोटं कशाला सांगू, लावणी हे निमित्त होतं. मला कंटाळा आला होता. पेटी खाटेखाली सरकवली आणि त्या खाटेवर बसणंही सोडलं. श्रावणात कधीतरी वाकून पाहिलं तर पेटी तिथं नव्हती. मी कुणाला विचारलं नाही. पुढे ताटात सुकट आली की मी ती कडेला सारायचो.

भातकापणी झाली. वाल पेरायचे होते. बायको म्हणाली, "माळ्यावरनं बी काढा."

चुलीच्या बरोबर वर आमचा तो छोटा माळा. पावसाळाभर जे कोरडं राहायला हवं ते तिथं ठेवायचं. धुरानं कीड लागत नाही. चढलो, वालाचं मडकं ओढलं, तर त्याला लागून तिच्या जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं. काळी पेटी. आत व्हायोलिन, बाकी काही नाही.

"हे इथं कुणी ठेवलं?"

"मीच," ती खालून म्हणाली. "खाटेखाली बुरा धरला व्हता. तुमाला परत लागंल तवा खराब नको."

परत लागेल. मला स्वतःला तसं एकदाही वाटलं नव्हतं. जिनं आल्यागेल्या पाहुण्यांसमोर माझी धरसोड मांडली, तिनं हे एवढं पुढच्या पेरणीच्या बियाण्याजवळ ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की खाली उतरवेना. व्हायोलिन हातात घेतलं तर वरची फळी एका कडेनं सुटलेली. फटीत बोट जात होतं.

"नीट हाय ना?"

"नीट आहे," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी शहापूरला गेलो. सरांनी व्हायोलिन नाकाशी नेलं.

"चुलीवर ठेवलं होतं? अहो, सरसानं चिकटवलेलं असतं हे. आच लागली की सुटतं. कुठल्या शहाण्याचं काम?"

"माझंच."

ते बराच वेळ बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ हललो नसेन. मग त्यांनी सरस गरम केला, फळी बसवली आणि सुती पट्ट्यांनी सगळं आवळून बांधलं.

"आठ दिवसांनी या," म्हणाले. "सा पासून."

गेलो. त्यानंतरही गेलो. हिवाळ्यात बारापर्यंत पोचलो, उन्हाळ्यात एकदाच सोळा झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. पायाला मुंग्या यायच्या, उठून पळावंसं वाटायचं. बायको समोर वाल सोलत बसलेली असायची. तिच्याकडे बघायचो आणि पुन्हा गज ठेवायचो.

मृगाच्या आधी ती माळा लावायला चढली. मडकं सरकवून शेजारी जागा केली आणि खाली हात केला.

"द्या ती पेटी. यंदा पन ठेवते."

"नको," मी म्हणालो. "यंदा रोज लागणार आहे."

मग त्या जागेवर तिनं मिठाची बरणी ठेवली.